तसबीर, भांडे, शालू आणि कागद : घरातील जुन्या वस्तूंची छायाचित्रे घेताना प्रकाश कोठून द्यावा

बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील अनेक जुन्या मराठी घरांत सध्या एकच काम निघालेले दिसते. घर विकायचे ठरलेले असते, भावंडे पुणे, मुंबई, परदेश अशी पांगलेली असतात आणि पणजोबांच्या तसबिरी, नाव घातलेली तांब्यापितळेची भांडी, आजीचा शालू, मोडी कागदांचे दफ्तर यांची वाटणी होण्याआधी प्रत्येक वस्तूचे एक चांगले छायाचित्र सर्वांकडे असावे, असे कुणीतरी सुचवते. फोन हाताशी असल्यामुळे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात तसबिरीतल्या पगडीवर फ्लॅशचा पांढरा डाग उमटतो, पितळी घागरीत छायाचित्र काढणारा स्वतःच दिसतो, शालूचा रंग भलताच येतो आणि दस्तऐवजावरचा उठावाचा शिक्का तर दिसतच नाही. महाग फोन घेऊन यांतील एकही दोष जात नाही, कारण काच, धातू, रेशीम आणि कागद हे चार पदार्थ प्रकाशाशी चार वेगवेगळ्या रीतींनी वागतात आणि आपण मात्र चौघांनाही एकाच जागेवरून, एकाच दिव्याने उजळत असतो. वस्तू बदलली की दिव्याची जागा बदलली पाहिजे. ती कशी ठरवायची, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रकाश पदार्थाच्या पृष्ठभागावर येतो तेव्हा त्याचा काही भाग तेथूनच परत फिरतो, काही आत शिरतो, आत शिरलेल्यापैकी काही शोषला जातो, काही आतल्या आत विखुरून पुन्हा बाहेर येतो आणि पदार्थ पारदर्शक असेल तर काही पलीकडे निघून जातो. गुळगुळीत पृष्ठभागावरून जो प्रकाश लगेच परत फिरतो, त्याचा नियम कॅरममध्ये सोंगटी कडेवर आपटून परततानाचाच आहे : ज्या कोनात आला त्याच कोनात, पण दुसऱ्या बाजूला. या प्रकाशाने वस्तूच्या अंतरंगाला स्पर्शही केलेला नसतो, त्यामुळे त्यात वस्तूचा रंग नसतो (धातू याला अपवाद आहे, त्याविषयी पुढे येईल). त्याला आपण ‘चकाकी’ म्हणू. जो प्रकाश आत शिरून, विखुरून, रंग घेऊन बाहेर येतो तो मात्र सर्व दिशांना पसरतो. त्यामुळे तो पाहण्यासाठी कॅमेरा कोठेही असला तरी चालते. चकाकी एका ठरावीक दिशेने जाते आणि वस्तूचा रंग सर्व दिशांनी येतो, हा फरक मनात पक्का ठेवला तर पुढचा प्रत्येक निर्णय त्यातूनच घेता येतो.

साहित्य फारसे लागत नाही. फोन स्थिर ठेवण्यासाठी तिपाई, एकाच कंपनीचे आणि एकाच रंगछटेचे दोन एलईडी दिवे, एक पांढरी सुती चादर, एक गडद काळे कापड, थर्मोकोलचा एक पांढरा तक्ता आणि काळ्या कार्डपेपरच्या दोन पट्ट्या एवढे पुरते. फोनचा फ्लॅश मात्र पहिल्या वस्तूपासून शेवटच्या वस्तूपर्यंत बंद ठेवावा. फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो, त्यामुळे समोरच्या कोणत्याही सपाट चकचकीत पृष्ठभागावरून त्याची चकाकी नेमकी भिंगातच परत येते. दिवा ठेवण्यासाठी याहून वाईट जागा सापडणे कठीण आहे.

काचेआडची तसबीर

काचेचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो हे सांगणारी संख्या) सुमारे 1.5 असतो आणि त्यामुळे काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के तिच्या पुढच्या पृष्ठभागावरून आणि जवळजवळ तेवढाच मागच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. हे दोन्ही मिळून होणारे 8 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु जुन्या छायाचित्रातील काळ्या कोटावरून परत येणारा प्रकाशही जेमतेम काही टक्केच असतो. समोरच्या उजळ खिडकीचे 8 टक्के त्या कोटावर येऊन बसले की कोटाच्या गुंड्या, साखळी, कापडाच्या घड्या सगळे पुसले जाते. तसबिरीतील पांढरा भाग बरा दिसतो आणि काळाच भाग धुरकट का दिसतो, याचे कारण हे आहे.

काच काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. तसे करण्याआधी तसबीर तिरपी धरून नीट पाहावे. जुन्या छायाचित्रांवर जिलेटिनचा थर असतो आणि वर्षानुवर्षांच्या दमट हवेने तो काचेला चिकटलेला असू शकतो. जेथे चिकटलेला असतो तेथे काचेखाली ओलसर दिसणारे, कडा स्पष्ट असलेले डाग दिसतात. असा एकही डाग दिसला तर चौकट उघडू नये, कारण काचेबरोबर चेहराही निघून येईल. अशा तसबिरीचे छायाचित्र काचेवरूनच घ्यावे लागते आणि ते उत्तम येऊ शकते.

त्यासाठी आधी हे शोधायचे की कॅमेऱ्याला काचेत काय काय दिसत आहे. समजा तसबीर 60 सेंटिमीटर रुंद आहे आणि फोन तिच्या मध्यासमोर 60 सेंटिमीटरवर आहे. फोनपासून तसबिरीच्या कडेपर्यंत जाणारी रेषा कडेवरून परतते तेव्हा ती दर सेंटिमीटर मागे येताना अर्धा सेंटिमीटर बाहेर सरकत जाते. भिंतीपासून 100 सेंटिमीटरवर पोहोचेपर्यंत ती मध्यरेषेपासून 80 सेंटिमीटर दूर गेलेली असते. म्हणजे त्या अंतरावर डावीकडे 80 आणि उजवीकडे 80 सेंटिमीटरच्या पट्ट्यात जे काही उजळ असेल, ते सर्व काचेत दिसणार. आता फोन 150 सेंटिमीटरवर न्यावा आणि दोनपट झूम करावे. तीच रेषा आता दर सेंटिमीटरला फक्त एकपंचमांश सेंटिमीटर सरकते आणि त्याच जागी धोक्याचा पट्टा मध्यरेषेपासून 50 सेंटिमीटरवर संपतो. दिवा भिंतीपासून 100 सेंटिमीटर पुढे आणि मध्यरेषेपासून 100 सेंटिमीटर बाजूला ठेवला, तर तसबिरीच्या मध्यावर त्याचा प्रकाश 45 अंशांनी पडतो. पहिल्या मांडणीत तो धोक्याच्या सीमेच्या जवळ होता, दुसऱ्या मांडणीत त्याला दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा मिळते. तसबीर जवळ जाऊन टिपण्याची आपली सवय म्हणूनच सोडावी. दूर जाऊन झूम करावे. त्याने चौकटीच्या कडाही सरळ येतात.

दुसरा दिवा तितक्याच अंतरावर विरुद्ध बाजूला ठेवावा, म्हणजे एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी असे होत नाही. दिवा एकच असेल किंवा खिडकीवरच काम भागवायचे असेल, तर खिडकी तसबिरीच्या बाजूला येईल असे बसवून दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा तक्ता उभा करावा. उत्तरेकडची खिडकी असेल तर दिवसभर फारसा न बदलणारा प्रकाश मिळतो. जुन्या काळातील छायाचित्रकारांचे स्टुडिओ उत्तर प्रकाशावरच चालत. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या बडोद्याच्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, त्या काळी विजेच्या दिव्यांचा आधार नव्हता आणि प्रकाशाची दिशा ओळखणे हाच त्या कलेचा पाया होता. आपल्या घरातील त्या पिढीच्या तसबिरी निरखून पाहिल्या, तर नाकाच्या सावलीवरून स्टुडिओची खिडकी कोणत्या बाजूला होती हे अजून सांगता येते.

आता उरते ते कॅमेऱ्याचे आणि आपले स्वतःचे प्रतिबिंब. फोनच्या मागे काळे कापड पडद्यासारखे टांगावे, त्यात भिंगापुरते भोक ठेवावे आणि बटण स्वतः न दाबता दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हावे. काचेला आता परत पाठवण्यासाठी काळ्या कापडाखेरीज काहीच मिळत नाही. एक बारकावा येथे हमखास निसटतो. आपल्याकडील जुन्या तसबिरी दोरीने खिळ्याला टांगलेल्या असतात आणि त्यांचा वरचा भाग पुढे झुकलेला असतो. अशी तसबीर समोरची भिंत न दाखवता जमीन दाखवते, आणि जमिनीवर पांढऱ्या लाद्या असतील तर काळे कापड टांगूनही चकाकी जात नाही. अशा वेळी तसबीर उतरवून भिंतीला सरळ टेकवावी किंवा काळे कापड जमिनीवर अंथरावे.

पोलरायझरचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही

काचेची चकाकी घालवायची असे म्हटले की दुकानदार पोलरायझिंग फिल्टर पुढे करतो. फिल्टर उपयोगाचा आहे, पण त्याच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रकाश ही तरंगरूप हालचाल आहे आणि तिची कंपने प्रवासाच्या दिशेला आडवी होतात. साध्या प्रकाशात ही कंपने सर्व आडव्या दिशांना मिसळलेली असतात. 1808 मध्ये एतिएन मालुस हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेला सूर्यप्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होते. स्फटिक फिरवला की त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता कमीजास्त होते, हे त्यांच्या लक्षात आले. काचेवरून तिरपा परतलेला प्रकाश एकाच दिशेने कंप पावू लागतो, म्हणजे त्याचे ध्रुवीकरण होते. पोलरायझर हा एकाच दिशेची कंपने आरपार सोडणारा फिल्टर असतो. कोणत्या कोनाला हे पूर्णपणे होते, त्याचा नियम स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1815 मध्ये मांडला : त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन्जंट) पदार्थाच्या अपवर्तनांकाएवढी असते. काचेसाठी हा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे 56 अंश आणि पाण्यासाठी सुमारे 53 अंश येतो.

याची खात्री घरी करून घेता येते. जमिनीवर पाण्याने भरलेली परात ठेवावी, तिच्या पलीकडे उजळ खिडकी असावी आणि आपण अशा अंतरावर उभे राहावे की खिडकीचे प्रतिबिंब परातीत दिसेल. डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील तर परात दोन मीटर दूर असताना नेमका 53 अंशांचा कोन साधतो. पोलराइज्ड गॉगलची एक काच डोळ्यापुढे धरून हळूहळू फिरवावी. एका स्थितीत खिडकीचे प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे होते आणि परातीचा तळ, त्यावरचे ठोक्यांचे ठसे, सगळे स्वच्छ दिसू लागते. परातीच्या अगदी वर वाकून सरळ खाली पाहत तीच काच फिरवली, तर काहीही बदलत नाही.

गैरसमज नेमका येथे आहे. सरळ समोरून परत येणाऱ्या चकाकीचे ध्रुवीकरण झालेलेच नसते, त्यामुळे तसबीर समोरून टिपताना भिंगावरचा एकटा पोलरायझर निरुपयोगी ठरतो. तिरप्या कोनातून एखादा तपशील टिपायचा असेल, उदाहरणार्थ काचेखालच्या कोपऱ्यातील स्टुडिओचा शिक्का, तर तो उत्तम काम करतो. संपूर्ण तसबिरीसाठी आधी दिव्याची जागा ठरवावी आणि पैसे जपून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॉगल खरोखर पोलराइज्ड आहे की नुसताच रंगीत, हे लॅपटॉपच्या पडद्यावर तपासता येते. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो. पडदा पांढरा करून गॉगल समोर फिरवला आणि एका स्थितीत पडदा काळा झाला, तर गॉगल खरा.

तैलचित्र आणि वार्निश

राजा रवि वर्मा यांनी बडोद्याच्या दरबारासाठी काम केल्यामुळे असेल, पण तैलचित्रे आणि त्यांच्या छापखान्यातील देवादिकांच्या रंगीत प्रती यांना येथील घरांत विशेष मान आहे. छापील प्रत बहुतेक वेळा काचेखाली असते आणि तिला तसबिरीचेच नियम लागू होतात. तैलचित्रावर काच नसते, तरी वार्निशचा थर असतो आणि त्याखाली कुंचल्याने उमटलेले रंगाचे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा वेगळ्या दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे दिवा कोठेही ठेवला तरी काही उंचवटे त्याची चकाकी नेमकी कॅमेऱ्याकडे पाठवतातच. चित्रभर पांढरे बारीक ठिपके दिसतात ते यामुळे.

येथे मात्र पोलरायझर खरी करामत दाखवतो, पण जोडीने. दिव्यापुढे पोलरायझिंग फिल्मचा तुकडा लावावा आणि भिंगावर फिल्टर लावून तो दिव्याच्या फिल्मला काटकोनात येईपर्यंत फिरवावा. वार्निशवरून लगेच परतलेली चकाकी दिव्याने दिलेली कंपनदिशा जवळपास तशीच राखते, म्हणून ती भिंगावरच्या फिल्टरमध्ये अडते. रंगाच्या थरात शिरून अनेक वेळा विखुरलेल्या प्रकाशाची कंपनदिशा विसकटलेली असते आणि त्याचा बराचसा भाग फिल्टरमधून आत येतो. परिणामी वार्निशखालचे गडद रंग असे उघडतात की तेच चित्र आहे का असे वाटावे. दोन फिल्टरांत बराच प्रकाश खर्ची पडतो, म्हणून फोन तिपाईवर हवाच आणि खोलीतील इतर दिवे बंद असावेत, कारण त्यांची चकाकी या युक्तीने पूर्णपणे अडत नाही. चित्र लहान असेल तर अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपचा पांढरा पडदा दिवा म्हणून आणि पोलराइज्ड गॉगलची काच भिंगापुढे वापरूनही हे करता येते. गॉगलच्या छटेमुळे रंग मात्र विश्वासार्ह राहत नाहीत, तपशील मिळतो.

तांबे, पितळ, चांदी

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते प्रकाशाला आत फार खोल शिरू देत नाहीत. चांदी दृश्य प्रकाशाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते आणि तोही सर्व रंगांचा जवळजवळ सारखाच. तांबे निळ्या-हिरव्या बाजूचा बराच प्रकाश शोषून घेते, म्हणून त्याची चकाकीच तांबूस असते. धातूचा रंग चकाकीतच असल्यामुळे ती घालवण्याचा प्रयत्न करणे चूक आहे. वर सांगितलेली दोन पोलरायझरांची युक्ती पितळी समईवर वापरली, तर समई काळवंडलेल्या शिशासारखी दिसते.

मग चकाकीत काय दिसावे हे आपण ठरवायचे. गोल घागर किंवा तांब्या हा बहिर्वक्र आरसा असतो आणि त्याला जवळजवळ सगळी खोली दिसते, म्हणून दिवा त्याच्या नजरेआड ठेवणे शक्यच नसते. दोन खुर्च्यांवर काठी आडवी टाकून त्यावरून पांढरी चादर किंवा जुने धोतर सोडावे, भांडे आत ठेवावे, दिवे चादरीच्या बाहेर ठेवून कापडावर रोखावेत आणि पुढे भिंगापुरती फट ठेवावी. भांड्याला आता सगळीकडे पांढरेच दिसते आणि त्याचा धातू एकसंध, मऊ उजळतो. नुसते पांढरे मात्र भांड्याला चपटे करते. काळ्या कार्डपेपरची एक पट्टी भांड्याच्या बाजूला, चौकटीबाहेर उभी केली की तिची गडद रेघ कडेला उमटते आणि गोलाई परत येते.

आपल्याकडील भांड्यांचे खरे मोल त्यांच्यावर घातलेल्या नावांत असते. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या साली, हे सारे ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत तेथे असते आणि पुष्कळदा घराण्याचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असतो. म्हणून छायाचित्र घेण्याआधी भांडे चिंच-मिठाने किंवा पॉलिशने घासू नये. अनेक दशकांच्या घासण्यानेच ती अक्षरे उथळ झालेली असतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, एवढे पुरे.

नाव वाचण्यासाठी दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ताट आडवे ठेवून फोन बरोबर वर धरतात आणि दिवा एका बाजूला, ताटाच्या पातळीच्या जेमतेम वर ठेवतात. सपाट धातू त्या दिव्याचा प्रकाश पलीकडच्या बाजूला फेकून देतो आणि काळा दिसतो, पण अक्षरांच्या खळग्यांच्या उतरत्या भिंती त्याचा थोडा भाग वर पाठवतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे चमकतात. दुसऱ्या रीतीत फोन किंचित तिरपा करून थर्मोकोलचा पांढरा तक्ता अशा ठिकाणी धरतात की ताटात त्याचेच प्रतिबिंब दिसावे. सपाट भाग पांढरा होतो आणि खळगे तक्त्याऐवजी दुसरीकडचा अंधार दाखवत असल्यामुळे अक्षरे काळी उमटतात. नवे, गुळगुळीत भांडे असेल तर पहिली रीत देखणी आहे. वापरातल्या भांड्यावर घासण्याचे हजारो ओरखडे असतात आणि आडव्या दिव्यात त्यांतील प्रत्येक ओरखडा अक्षराइतकाच चमकतो. त्यामुळे वाचण्यासाठी मला दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते. तांब्याच्या पोटावर नाव गोल फिरलेले असेल तर एका छायाचित्रात दोन-तीन अक्षरेच नीट येतील. भांडे थोडे थोडे फिरवत, दिवा व फोन न हलवता, एकामागून एक छायाचित्रे घ्यावीत.

शालू आणि पैठणी

रेशमाचा तंतू लांबलचक, अखंड आणि आडव्या छेदात साधारण त्रिकोणी असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परततो म्हणून रेशीम झळाळते, आणि ती झळाळी धाग्याच्या दिशेवर अवलंबून असते. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछावेचा खेळ होतो : एका बाजूने पाहताना उभ्या धाग्याची झळाळी पुढे येते, काटकोनात वळल्यावर आडव्याची. अशा वस्त्राचा ‘खरा’ रंग एका छायाचित्रात मावत नाही. वस्त्र पांढऱ्या चादरीवर सपाट पसरावे, प्रकाश एका बाजूच्या खिडकीतून येऊ द्यावा, एक छायाचित्र घ्यावे, मग वस्त्र चादरीसकट काटकोनात फिरवून दुसरे घ्यावे आणि दोन्ही जपावीत.

जर म्हणजे रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळलेली चांदीची अथवा सोनेरी मुलाम्याची चपटी तार. तिला धातूचाच न्याय लागतो : तिला मोठे, उजळ, मऊ असे काहीतरी दाखवावे लागते. छोट्या दिव्याखाली जरीचे काही ठिपके भडक आणि बाकी पट्टा काळा येतो. खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढून पदर त्या खिडकीकडे करावा आणि फोन खिडकीच्या समोरच्या बाजूने तिरपा धरावा, म्हणजे पडद्याचे प्रतिबिंब जरीत येते आणि बुट्टीतला मोर पिसांसकट उठतो. पावसाळ्यातील ढगाळ दुपार या कामासाठी सर्वोत्तम. अगाशीवर उन्हात शालू पसरून छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा. संग्रहालयांत जुनी वस्त्रे साधारण 50 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशात ठेवतात, त्यापुढे बडोद्याचे ऊन हजारो पटींनी प्रखर असते. मांडणी होईपर्यंत दिवेही वस्त्रावर रोखून ठेवू नयेत. जागा ठरवताना एखादी जुनी साडी पसरावी आणि शालू शेवटी आणावा.

कागदपत्रे

कागदाचा एकेक तंतू जवळजवळ पारदर्शकच असतो. तंतू आणि त्यांच्यामधील हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाचा डाग पडलेली जागा अर्धपारदर्शक होते, कारण तेलाचा अपवर्तनांक तंतूच्या जवळचा असतो आणि ते हवेची जागा घेते. कागदाला स्वतःची चकाकी फारशी नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर दिवे ठेवले की मजकूर व्यवस्थित येतो. यात काही अवघड नाही.

अडचण येते ती दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ कागदावर. कागदातून पार झालेला प्रकाश खालच्या पांढऱ्या टेबलावरून परततो आणि मागच्या बाजूचे मोडी लेखन पुढच्या ओळींत घुसते. कागदाखाली काळा कार्डपेपर घालावा. पार गेलेला प्रकाश तेथे शोषला जातो आणि मागची अक्षरे फिकी पडतात. कागद थोडा काळपट दिसेल, पण वाचता येईल, आणि मोडी वाचणाऱ्याला तेच हवे असते. स्टँपपेपरवरील जलचिन्ह पाहायचे असेल तर उलट करावे : लॅपटॉपचा पांढरा पडदा कागदामागे असावा, म्हणजे कागदाचे पातळ भाग अधिक उजळ दिसून चिन्ह उमटते. उठावाचा कोरा शिक्का समोरच्या प्रकाशात दिसत नाही, कारण त्याचा आणि कागदाचा रंग एकच असतो. खोली अंधारी करून एकच दिवा कागदाच्या पातळीलगत आणला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि अक्षरे वाचता येतात. दिवा चारही बाजूंनी फिरवून चार छायाचित्रे घ्यावीत, कारण प्रकाशाच्या दिशेत असलेल्या रेषा सावली टाकत नाहीत.

कोणत्याही वस्तूसाठी खिडकीचा प्रकाश आणि ट्यूबलाइट एकत्र वापरू नयेत. दोघांचे रंग वेगळे असतात आणि एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळसर झाक येते. दर मांडणीचे पहिले छायाचित्र वस्तूशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून घ्यावे, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करताना आधार मिळतो.

हंड्या, अत्तरदाण्या आणि झुंबराचे लोलक

काचेच्या वस्तूतून पलीकडचे दिसते, म्हणून तिच्यावर दिवा टाकून उपयोग होत नाही. तिच्या मागची पार्श्वभूमी उजळावी लागते. अत्तरदाणीच्या मागे, थोड्या अंतरावर पांढरी चादर लावून दिवा फक्त तिच्यावर रोखावा. काचेच्या मधल्या भागातून ती चादर सरळ दिसते. कडेला मात्र प्रकाश काचेला फार तिरका भेटतो, जोराने वळतो आणि काचेतून बाहेर पडताना लंबाशी सुमारे 42 अंशांहून मोठा कोन झाला तर बाहेर न पडता आतच पूर्ण परावर्तित होतो. म्हणून कडेतून दिसते ते मागचे नसून बाजूचे असते. चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या केल्या की अत्तरदाणीभोवती शाईने काढल्यासारखी काळी रेघ उमटते. कोरीव नक्षी असलेल्या हंडीसाठी याच्या उलट मांडणी चांगली : मागे काळे कापड आणि दोन्ही बाजूंना उजळ पांढरे तक्ते, म्हणजे कडा आणि नक्षी अंधारात पांढरी उजळते.

लोलकांचे मात्र वेगळे आहे. त्यांच्या पैलूंत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो आणि रंग फुटतात, पण मोठी खिडकी किंवा उजळ चादर समोर असली तर तिच्या प्रत्येक बिंदूचे रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. ते रंग टिपायचे असतील तर खोली अंधारी करावी, चादरी काढून टाकाव्यात आणि दूर कोपऱ्यातून एकच छोटा टॉर्च लोलकांवर रोखून, फोन तिपाईवर ठेवून, रंग भिंगात येईपर्यंत टॉर्चची जागा इंच-इंच बदलत राहावी.